कठड्यापाशी ठेवलेला बिस्तरा

आबा,

व्हरांड्याच्या कठड्यापाशी आज पुन्हा सामान येऊन पडलं आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुमच्या पलटणीचा फुटबॉल संघ देशाच्या मोठ्या कपला गेला होता, ती गोष्ट ऐकतच आम्ही दोघी बहिणी जेवायचो. त्या कपात एकदा हरलं की संपलं. म्हणून सामन्याला निघतानाच सगळ्यांचे बिस्तरे बांधून ट्रकमध्ये टाकलेले असायचे. जिंकलं तर ते परत बराकीत, हरलं तर मैदानावरून थेट स्टेशन. सेमीफायनलला तुमच्या पायाला लागून बॉल आपल्याच जाळ्यात गेला आणि पलटणीत पोचेपर्यंत गाडीत तुमच्याशी कुणी शब्द बोललं नाही. हे तुम्ही दुःखानं सांगायचा नाहीत. "आसंच पायजे," म्हणायचात. "त्याबिगर मानूस शिकत न्हाई."

मग शाळेच्या निकालादिवशी आमचेही बिस्तरे कठड्यापाशी येऊ लागले. सतरंजी, चादर, दोन जोड कपडे, वरून सुंभाची गाठ. पास झालं की सोडायचं. आम्हाला तो खेळच वाटायचा. अक्का दहावीला गणितात गेली, तेव्हाही ती हसत हसत गाठ सोडायला वाकली, आणि तुम्ही गाठीवर पाय ठेवलात.

"आवं, ऑक्टोबरला बसंल की पोर," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"नॉकआऊटमधी फेरपरीक्षा नसती."

आईच्या तव्यावर भाकरी करपत राहिली. मला आजही दिसतं, तुम्ही अक्काला उंब्रजच्या एसटीत बसवता आहात, मावशीकडे जाण्यासाठी, आणि खिडकीतला तिचा चेहरा अजून अर्धा हसराच आहे. तिला वाटतंय, स्टँडच्या फाटकाशी तुम्ही हात करून गाडी थांबवाल. तुम्ही पाठ फिरवता. मावशीकडूनच तिचं लग्न झालं, ती सांगलीला गेली. तुम्ही वारलात त्या दिवशी ती आली, व्हरांड्यात निजवलेल्या तुमच्या पायांना हात लावला आणि उंबरा न ओलांडता परत गेली. मला वाटायचं, या जगात तुम्हाला कधीच माफ न करणारं एक माणूस आहे आणि ते सांगलीत राहतं.

यंदा तिची मुलगी तशाच एका कपात खेळली. मुलींचा कप, देशभरातले संघ, आणि तोच नियम. प्रत्येक फेरीनंतर अक्काचा फोन यायचा. "बघितलीस का माझी वाघीण? त्या उंच पोरीला कशी लोळवली!" मी ओट्यावर चहाच्या डब्याला फोन टेकवून सामने बघायची आणि अक्काचं हसणं ऐकून मला भरून यायचं. इतकं मोकळं ती त्या एसटीच्या आधी हसायची. सेमीफायनलच्या सकाळी ती म्हणाली, "पोरीला सांगून ठेवलंय. हरलीस तर घराकडं तोंड करू नगंस."

"आबांसारखी बोलायला लागलीस की गं."

"मग? काय चुकलं त्यांचं? मला हाकललं म्हणून तर माझं दुकान उभं ऱ्हायलं. तुला ठेवून घेतलं, तू काय दिवं लावलंस?"

तिचं शिवणाचं दुकान खरंच चांगलं चालतं. आणि मी तुमच्या घरात राहते, तुमच्याच खुर्चीत बसून लिहिते.

सामना बरोबरीत सुटला. टायब्रेकरमध्ये शेवटची पेनल्टी आपल्या पोरीकडे आली आणि तिनं बॉल दांडीच्या कितीतरी वरून मारला. अक्काला फोन लावला. तिनं कट केला.

आज दुपारी फाटक वाजलं. पोर खेळाची बॅग घेऊन उभी होती, मोज्यांवर वाळलेला चिखल. आधी सांगलीला जाऊन आली होती.

"मावशी, आईनं दारच उघडलं न्हाई. खिडकीतनं म्हनली, हरलेल्यांनी ग्राऊंडवरनं थेट जायाचं असतंय."

आबा, या पोरीनं हे वाक्य तुमच्याकडून कधी ऐकलेलं नाही. तुम्ही तिला पाहिलंसुद्धा नाही.

मला तिला जवळ घ्यायचं होतं. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "एवढ्या वरनं कसा गेला गं बॉल?"

"डोळं मिटलं मी," ती म्हणाली. "वाटलं, चुकला तर जायचं कुठं?"

मग तिनं बॅग कुणी न सांगता कठड्यापाशी ठेवली. बरोबर तिथेच. माझ्याकडे बघत राहिली, आत येऊ का, असं तोंडावर. मी तिला हाताला धरून आत आणलं, गरम पाणी दिलं, डाळकांदा आणि भाकरी वाढली. दोन घास खाऊन ती पाटावरच पेंगली. तिला उचलून आतल्या खोलीत निजवलं. झोपेतही तिचा उजवा पाय मधूनच झटका देतो आहे.

बॅग अजून बाहेर आहे. मघाशी आणायला गेले होते, पट्ट्यात हातही घातला. मग सोडून दिला. तुम्हाला म्हणून सांगते, मनात आलं, राहू दे एक रात्र तिथेच. पुढच्या खेपेला बॉल खाली मारेल.