दहा ताडपत्र्या आणि एक मामा

ती. धुरपदाअक्कास,

लीलाधरचा साष्टांग. गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? (फोनवर बोललो तर ही ऐकते, म्हणून कागद घेतला.) असोद्याला सगळे खुशाल. मी तर परवा विमानातही बसून आलो.

त्याचं असं झालं. तुझा किरण कॉलेजात एका गणितामागे लागलाय. विमानातून बघणाऱ्याला जमिनीवरच्या किती वस्तू दिसतील, ते आधीच सांगायचं. (पुरात अडकलेली माणसं शोधायला कामी येतं म्हणे.) विमानाची उंची, वेग, वस्तूचा रंग, बघणाऱ्याचं वय आणि नजर, सगळं त्यात घालतात. त्यानं शेतांमध्ये दहा ताडपत्र्या अंथरल्या आणि बघायला बारा माणसं घेतली. बारावा मी. माझ्यासाठी गणिताचं उत्तर आलं, सात दिसतील.

वर गेलो तर खाली नुसतं हिरवं, केळी आणि कपाशी. किरण मागून सारखा विचारतोय, "मामा, दिसली का?" दिसली एकच, तीही उतरताना धावपट्टीच्या कडेला. पण मध्येच आपल्या बांधावर तुझी भावजय हिरव्या साडीत उभी दिसली. हिरव्यात हिरवी, तरी ओळखली! मी काचेला नाक लावून हात हलवत राहिलो. खाली उतरून चारचौघांत सांगितलं, की ताडपत्र्यांचं सोडा, मी बायको शोधली. घरी येऊन कुंदाबाईलाही सांगितलं. ती म्हणाली, "मी तं घरीच व्हती. बांधावर बुजगावणं हाये, माही जुनी साडी नेसवली हाये त्याले."

किरणचं तोंड मात्र उतरलं. अकरा जणांचे आकडे जुळले, माझाच नाही. आपलीच मांडणी चुकली असं समजून पोरगं पुन्हा पहिल्यापासून सगळं मांडतंय. धड जेवतही नाही.

तुझा धाकटा,
लीलाधर

ता. क. किरणला कळव, गणित बरोबर आहे, मामा चुकीचा आहे. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. विमानात बसायला मिळावं म्हणून अर्जात 'नजर उत्तम' लिहिलं. त्याच्या तोंडावर सांगायची लाज वाटते.

आणखी एक. ऑपरेशनला तू ये. मला भीती वाटते. कुंदाबाईला यातलं काही माहीत नाही.

शेवटचं. पत्र पाकिटात घालायला तिच्याकडेच दिलं, तिनं वाचलं. डॉक्टरची चिठ्ठी तिला महिन्यापूर्वीच माझ्या सदऱ्यात सापडली होती. बुधवारचा नंबर लावलाय, तुलाही फोन केलाय म्हणे. मग अक्का, तू इकडे यायला निघालीच असशील, तर हे पत्र तिकडे वाचतंय कोण?