तारा नसलेल्या दारात

चारकोप,
१ डिसेंबर २०२५

ती. विमला आत्यास,
श्रुतिकाचा सप्रेम सलाम, वि. वि.

मामा गेल्यापासून तू फोन बंद करून कपाटात टाकलायस, म्हणून हे पत्र सुबोधच्या डब्याच्या पिशवीतून येतंय. आमच्या बंधुराजांचं ऑफिस मुलुंडला असल्याचा घरात पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग झाला. कागदावर कालवणाचा डाग दिसला तर त्याला ओरड, मला नको.

आता बातमी ऐक, आणि आधी खाली बस. यंदाची नाताळफेरी माझ्याकडे आलीय! काल उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीसमोर माझं नाव घेतलं. मला वाटलं दुसरीच कुणी श्रुतिका असेल, मी मागे वळून बघायला लागले तर आईने चिमटा काढला. रात्रभर झोप नाही. एकवीस तारखेला, रविवारी, जेवणं उरकून निघायचं. मिनीबस ठरवलीय. आधी आमचं चारकोप, मग जोगेश्वरी, घाटकोपर आणि शेवटी तुमचं मुलुंड. जिथे नाताळचा तारा टांगलाय त्या दारात एक गीत, एक प्रार्थना आणि मग करंज्या. जोगेश्वरीची पोरं नवीन आहेत, पण आवाज एकदम झकास.

मामांच्या चालीतलं गव्हाणीचं गीत घेणारच. त्यासाठी त्यांची ढोलकी देशील का? आणि तू तारा टांगशील ना गं? मामांशिवाय पहिली फेरी आहे. तुझं दार सोडून पुढे जायचं म्हणजे कसं वाटेल मला?

अजून एक. ऑफिसात निमेश म्हणून आहे. लाल टोप्या, केक, एकमेकांना भेटी, सगळं ठरवून झाल्यावर त्याने विचारलं की तुमच्यात नाताळला नक्की होतं काय. देव आला म्हणता, तर आला कुठे? मी इतक्या वर्षांची संडे स्कूलवाली, आणि तोंडातून निघालं काय, तर आम्ही करंज्या करतो. लाज वाटली गं. तू सांग, मी काय सांगायला हवं होतं?

उत्तर सुबोधकडे दे. त्याच्यावर ठेवतेस त्यातली थोडी माया माझ्यासाठीही ठेव.

तुझी,
श्रुतिका

मुलुंड,
५ डिसेंबर

चि. श्रुतिकास अ. आ.

पत्राला कालवणाचा नाही, लोणच्याचा डाग होता. सुबोधला सांग, डबा उभा धरत जा.

फेरी तुझ्याकडे आली हे ऐकून बरं वाटलं. मामा असते तर साऱ्या गॅलरीला चहा पाजला असता त्यांनी. गळ्याला जप, गार पाणी पिऊ नकोस, आणि त्या नव्या पोरांना आधी शब्द पाठ करून घे. मोबाईलमध्ये बघून गायलेलं मला चालत नाही.

बाकीचं स्पष्टच लिहिते. मी तारा टांगणार नाही. ज्या घरातलं माणूस वर्षात गेलं तिथे तारा नाही, आणि जिथे तारा नाही तिथे फेरी थांबत नाही. आपल्या मंडळीची ही रीत तुझ्या आजोबांच्याही आधीपासूनची आहे. दुःखातल्या माणसाला त्रास नको, म्हणून केलेली. तेव्हा यंदा माझ्या दारात येऊ नकोस. मला शब्द हवा. ढोलकी चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलीय, ती मिळणार नाही. नाताळच्या उपासनेलाही मी येणार नाही. ढोलकीच्या जागी ह्यांच्याऐवजी दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार नाही, संपलं.

माझी काळजी करू नका. शेजारची कमळ, ती मालवणकडची, रोज काही ना काही वाटीत घेऊन येते. चांगली बाई, पण विसराळू. तिचा दिवाळीचा कंदील डिसेंबर उजाडला तरी गॅलरीत लोंबतोय. काढ म्हटलं तर हसते.

तुझ्या त्या निमेशचं म्हणशील, तर ज्यांच्या घरात उजेड आहे त्यांना विचार. देव कुठे आला ते मला यंदा खरंच ठाऊक नाही गं.

आईला सलाम सांग. मी अशी वागते म्हणून मनातून उतरवू नका.

तुझी आत्या

चारकोप,
१० डिसेंबर

ती. आत्यास,
श्रुतिकाचा सलाम.

तुझं पत्र वाचून आई आणि मी दोघी रडलो. मग आई म्हणाली की रीत आहे, तिला मान द्यावा. तर दिला शब्द. तुझ्या दारात फेरी येणार नाही. पण मुलुंडला नीलमताईंकडे तारा आहे, तिथे यावंच लागेल, आणि त्या पडल्या तुझ्या मागच्याच बिल्डिंगमध्ये. आम्ही आवाज न करता जाऊ.

सराव रोज चालू आहे. पाळकसाहेबांनी माझ्या गळ्यात शिट्टी घातलीय, त्यामुळे मी स्वतःला फार मोठी समजायला लागलेय. मामांच्या गीताला सुबोध कीबोर्डवर तयार ठेका लावतोय. तो ठेका ऐकून मामा काय म्हणाले असते ते लिहीत नाही.

करंज्या पाठवल्यात. रीत करंज्यांना लागू नाही, असं आईने विचारून घेतलंय. कुणाला विचारलं ते मात्र सांगत नाही.

रागावू नकोस. आहेस तशीच आम्हाला हवी आहेस.

श्रुतिका

चारकोप,
२२ डिसेंबर

ती. आत्यास, सलाम, सलाम आणि अजून एक सलाम!

शप्पथ सांगते, मी मुद्दाम केलं नाही. तू तोंडावर काही बोलली नाहीस, म्हणून सगळं लिहून पाठवतेय. आधी वाच, मग हवं तेवढं ओरड.

मुलुंडला पोचलो तेव्हा नुकतेच दिवे लागले होते. मी ड्रायव्हरला कुठे थांबायचं ते समजावत होते आणि सुबोध कीबोर्ड उतरवत होता. जोगेश्वरीच्या पोरांना मी दिवसभर एकच पढवलं होतं, की तारा दिसला की तिथे वर. त्यांनी तिसऱ्या मजल्यावर पाच टोकांचा पांढरा तारा पाहिला आणि सुटली सगळी जिन्याने. मी वर बघते तर तुझा मजला! वाट लागली म्हटलं. धापा टाकत वर आले, मागोमाग कीबोर्ड घेऊन सुबोध आणि पाळकसाहेब, तोवर पोरांनी कमळकाकूंचं दार वाजवलं होतं. दिवाळीचा कंदील गं! आपला तारा समजून गेली बिचारी.

मी काकूंची माफी मागणार होते, पण त्या चुकलात म्हणून सांगायलाच तयार नाहीत. उलट पोरांना म्हणाल्या, मोठ्याने गा. आणि पदर सावरून, हात जोडून उभ्या राहिल्या. शेजारीच तुझं दार बंद, आत अंधार. तुला दिलेला शब्द मोडल्यासारखं वाटत होतं आणि थांबवायचं धाडसही होईना. पोरांनी नेमकं मामांचंच गीत धरलं. दुसऱ्या कडव्यात सुबोधचा ठेका पुढे धावला, पोरं मागे राहिली आणि सगळा चिवडा झाला.

तेव्हा तुझी कडी वाजली. तू ढोलकी घेऊन बाहेर आलीस, केस विस्कटलेले, डोळे लाल, आणि सुबोधला म्हणालीस, “बंद कर ते. ही चाल अशी नाही.”

मग उंबऱ्यावर बसून तू जो हात टाकलास! आत्या, तू वाजवतेस हे मला आजवर माहीतच नव्हतं. मागच्या बिल्डिंगमधून नीलमताई धावत आल्या, खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. मी रडत होते आणि गात होते, दोन्ही एकदम. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, त्यातला मला एक शब्द आठवत नाही. बसमध्ये कुणीतरी पुन्हा तेच गीत सुरू केलं ते चारकोप येईपर्यंत.

रागावली असशील तर तसं लिही. पण गप्प राहू नकोस गं, आता पुन्हा नको.

तुझीच,
श्रुतिका

मुलुंड,
२३ डिसेंबर

चि. श्रुतिकास अ. आ.

रागावले होते, खोटं कशाला बोलू. फेरी बाजूला असेल म्हणून मी दिवा मालवून बसले होते, कुणाला वाटावं घरात कुणी नाही. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा म्हटलं, पोरीने शब्द मोडला. कानावर उशी घेतली. पण ती चाल उशीतून ऐकू येते बाई. आणि तुम्ही तिची जी दशा केलीत! माझ्या नवऱ्याची चाल अशी तुडवलेली मला ऐकवेना. तिरीमिरीत स्टुलावर चढून ढोलकी काढली. दार उघडेपर्यंत राग होता. तुम्हा सगळ्यांची तोंडं दिसली आणि राग कुठे गेला मला कळलं नाही. वाजवताना मामा शेजारी बसून चुका काढतायत असंच वाटत होतं. नवीन लग्न झालेलं तेव्हा त्यांनीच शिकवलं होतं मला.

आता तुला ठाऊक नाही ते सांगते. आज सकाळी कमळला म्हटलं, तुझ्या विसरण्यामुळे एवढं रामायण झालं, आता तरी काढ तो कंदील. तर ती म्हणते, विसारलंय खंय? ह्या वर्सा तुमचो तारो नाय, म्हणान माझो ठेवलंय. तुमच्या दारात काळोख नको.

मी तिथेच उभी राहून रडले. तिला बाई चहा ठेवावा लागला.

दिवसभर तेच डोक्यात आहे. येशू जन्मला त्या पहिल्या रात्री मेंढपाळांकडे कुठला तारा टांगलेला होता? अंधारात, थंडीत, गावाबाहेर बसले होते, आणि देवदूत आधी त्यांच्याकडे गेले. जिला कुणी जागा दिली नाही त्या बाईच्या पोटी देव आला. आणि आपण? तारा बघून दार निवडतो. उजेड आहे तिथेच उजेड घेऊन जातो, वर त्याला रीत म्हणतो. मीही म्हणत होते. त्रास नको म्हणून केलेली रीत, पण अख्खा महिना त्या रीतीनेच मला एकटं बसवलं.

तर पाळकसाहेबांना माझा निरोप दे. पुढल्या वर्षीची फेरी, ज्यांच्याकडे तारा नाही त्यांच्यापासून सुरू करायची. विचारून जायचं, हळू गायचं, आणि नको म्हणाले तर दाराशी करंज्या ठेवून यायचं. ऐकलं नाही तर मी स्वतः येऊन बोलेन. नाहीतरी परवा उपासनेला येतेच आहे, कमळलाही घेऊन. ढोलकीची जागा रिकामी ठेवायला सांग. आणि सुबोधला म्हणावं, इकडे आलास की ढोलकीची दोरी ओढून दे, माझ्या हातात आता तेवढा जोर नाही.

निमेशला सांग, देव कुठे आला ते आत्याला आता ठाऊक आहे. जिथे तारा नव्हता तिथे आला, शेजारणीचा कंदील बघून.

असाच जीव लावत राहा, शब्द मोडून का होईना.

तुझी,
विमला आत्या

ता. क. फोन कपाटातून काढलाय. चार्जर सापडत नाहीये.