फॉरमॅट मारू नका, भावजी

प्रज्वल भावजी,

लॅपटॉपला हात लावू नका. अपग्रेड तुम्ही केलंत, डिस्कचं कुलूप उघडेना, आणि वर मलाच म्हणता, "वहिनी, पासवर्ड विसरलात, फॉरमॅट मारू." अहो हुशार, माझा पासवर्ड म्हणजे देवाचं नाव, ते मी विसरेन? नाव मराठीत आहे, आणि तुमच्या अपग्रेडने सुरुवातीच्या पडद्यावरचा कीबोर्ड इंग्रजी करून ठेवलाय. हिंजवडीच्या आयटी ऑफिसात दिवसभर माशाच मारता की काय?

भोसरीचं कीर्तन ऐकून आले की सुरू होतानाच्या मेनूतली अपग्रेडआधीची, मराठी कीबोर्डची आवृत्ती निवडून मीच चालू करते. पिठलं झाकून ठेवलंय, गरम करून जेवा.

आबांच्या आवाजातली कीर्तनं त्या डिस्कशिवाय कुठेच नाहीत. पुसली तर उभं राहून कोण गाणार, तुम्ही? तुमचेच वडील ते, पण ते गेल्यापासून टाळसुद्धा हातात धरले नाहीत तुम्ही.

दिपाली