न चिकटणारी अँटीबॉडी

३ फेब्रुवारी, सकाळी ९
नवी अँटीबॉडी आली. बोटाच्या पेराएवढी कुपी, तळाशी जेमतेम चार थेंब. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं प्रोटीन जिथे असेल तिथे ही जाऊन बसणार आणि फिल्मवर काळी पट्टी उमटणार. एवढी एक पट्टी मिळाली की पीएचडी संपली. मुदतवाढ २८ला संपते, आणि गाइड मॅडम म्हणाल्या, ही शेवटची. मी म्हटलं, दहालाच देतो. आजपासून मोबाइल ड्रॉवरमध्ये.

६ फेब्रुवारी
फिल्म कोरी. पहिला प्रयत्न धरायचाच नसतो. मोबाइल बाहेर काढला, फक्त वेळ बघायला.

११ फेब्रुवारी
पुन्हा कोरी. दोष अँटीबॉडीचा. मॅडमना तसं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, डिशमधून पेशी कशा सोडवतोस? म्हटलं, नेहमीसारख्या. हल्ली फारच प्राथमिक प्रश्न विचारतात. वयोमानाप्रमाणे चालायचंच.

१४ फेब्रुवारी
अँटीबॉडी चौपट घातली. अख्खी फिल्म काळी. बायकोने विचारलं, यात तुझी पट्टी कुठली? म्हटलं, असेल यातच कुठेतरी. प्रगती आहे.

१९ फेब्रुवारी, दुपारी
कोरी. कंपनीला खरमरीत ईमेल केली. सहा वर्षांचा अनुभव आहे, माल बदलून द्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांतला मी नाही, असंही लिहिलं होतं. मग खोडलं.

२४ फेब्रुवारी
कंपनीतल्या बाईंचं उत्तर आलं. फार नम्र बाई. 'पेशी सोडवायला ट्रिप्सिन घालता का? ते नेमकं हेच प्रोटीन कापतं. पेशी रबरी पट्टीने खरवडून काढा.'
वही उघडली. पहिली पायरी, ट्रिप्सिन. माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा. म्हणजे जे शोधत होतो ते रोज सकाळी मीच कापून टाकत होतो. मॅडमही हेच विचारत होत्या. स्टुलावर बसून राहिलो. रडू आलं, पण हातमोजे घालून डोळे पुसता येत नाहीत.

२५ फेब्रुवारी, सकाळी ८
हरकत नाही. तीन दिवस म्हणजे पुष्कळ. पेशी सुरेख खरवडल्या. कुपी उघडली. रिकामी. ती चौपट भोवली. नवी यायला तीन आठवडे.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी
मॅडमना सगळं खरं सांगितलं. रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. टेबल सोमवारपर्यंत रिकामं करायचंय. घरी आलो तर बाबांचा फोन. बायकोने त्यांना आधीच कळवलं होतं. मी काही सांगायच्या आतच म्हणाले, "ते प्रोटीन राहू दे रे. तू कुठे चिकटतोस का ते बघ आता."
बघतो म्हटलं.