तेरा लिटरचा उमेदवार

५ फेब्रुवारी, सकाळी ६.५०
हेडक्लार्कच्या खातेपरीक्षेची तारीख लागली. ३० मार्च. माझी तिसरी खेप आणि शेवटची; पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. म्हणजे यंदा नाही तर पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीतच रिटायर व्हायचं. हरकत नाही. घोडामैदान जवळच आहे.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. नियमावलीची रोज दहा पानं. पानं तीनशे चाळीस, दिवस त्रेपन्न. म्हणजे उजळणीला एकोणीस दिवस शिल्लक. प्लॅनिंगमध्ये मला कोणी हात धरू शकत नाही.

सुरुवात उद्यापासून. आज दोन जग पाणी प्यायलो. लोक याला तहान म्हणतात, मी शिस्त म्हणतो.

६ फेब्रुवारी
पाचला उठलो. खरं तर एकला, दोनला, तीनला, साडेतीनला आणि सव्वाचारलाही उठलो होतो, बाथरूमसाठी. म्हणजे पाचचं हे सहावं उठणं. माणसाने किती उठायचं? परत झोपलो.

ऑफिसात एका तक्रारदाराने काचेवर टकटक केली तेव्हा डोळे उघडले. म्हटलं, तुमच्याच केसचा विचार करत होतो. तो म्हणाला की विचाराचा आवाज पार बाहेरच्या बाकापर्यंत येत होता. लोकांना बोलायला काय जातंय!

९ फेब्रुवारी
शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला आम्ही घड्याळ म्हणतो. कोण कधी आलं, कधी उठलं, हे त्याला तोंडपाठ असतं. आज त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं की मी दिवसात तेवीस वेळा खुर्ची सोडली. म्हटलं, चालणं तब्येतीला चांगलं. तो म्हणाला, मग परीक्षेलाही चालतच बस. तोही परीक्षेला बसतोय. बिचारा. त्याला शुगर आहे, चष्मा जाड आहे, आणि नियमावली वाचून वाचून तिची पानं सुटी झालीत. पुस्तकाची ही दशा करणारा माणूस पास काय होणार? माझी प्रत कोरी करकरीत आहे.

साहेबांनी ‘पाणी जपून वापरा’ मोहिमेची घोषवाक्यं लिहायचं काम माझ्यावर सोपवलं. संध्याकाळपर्यंत अकरा लिहिली. चार लिटर लागलं.

१२ फेब्रुवारी
घरात हेरगिरी चालू आहे. हिने माझ्या बाटल्यांवर पेनाने रेघा मारल्या आणि फ्रिजवर कागद लावला. चोवीस तासांचा आकडा: तेरा लिटर. मी म्हटलं, मापात खोट आहे, मी पाण्याच्या खात्यात बावीस वर्षं काढलीत. मुलगी अकरावीत आहे आणि तिला वाटतं की ती विनोदी आहे. म्हणाली, बाबांना मीटर बसवून घ्या.

अभ्यास: अनुक्रमणिका पूर्ण. पिवळ्या मार्करने रंगवलीही. एवढ्यानेच दमलो, इतका की जेवताना मान पडत होती. बुद्धीचं काम थकवतंच.

१६ फेब्रुवारी
ही डॉक्टरकडे घेऊन गेलीच. शुगर तपासली. नॉर्मल! मी हिच्याकडे बघितलं. ही डॉक्टरीणबाईंकडे बघत होती. डॉक्टरीणबाई दुसऱ्या रिपोर्टकडे बघत होत्या. म्हणाल्या, तुमची लघवी जवळजवळ नळाच्या पाण्यासारखी आहे. मी थँक यू म्हणालो.

ते कौतुक नव्हतं. मेंदूच्या खाली एक वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यातून एक हार्मोन येतं, ते किडनीला सांगतं की पाणी धरून ठेव. माझ्यात ते येत नसावं. म्हणून पाणी येतं तसं जातं, म्हणून तहान, म्हणून झोपेचं खोबरं, म्हणून थकवा. पण एक टेस्ट केल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. गोळी आहे, पण टेस्टनंतरच.

मी विचारलं, किती लोकांना होतं? त्या म्हणाल्या, पंचवीस हजारांत एखाद्याला.

पंचवीस हजारांत एक! खात्याच्या परीक्षेलाही एवढी स्पर्धा नसते. मला लहानपणापासून वाटायचं की आपण चारचौघांसारखे नाही.

१७ फेब्रुवारी
घड्याळला सांगितलं. तो म्हणाला, अरे बाप रे, काळजी घे. मी त्याला धीर दिला, शुगर वाईट नाही, फक्त कॉमन आहे.

दोन्ही वेळा परीक्षेत नापास का झालो, तेही आता कळलं. ग्रंथी! हिला सांगितलं. ही म्हणाली, ग्रंथीने पुस्तक उघडू नको म्हणून सांगितलं होतं का? शास्त्र कळायला शांत डोकं लागतं.

२० फेब्रुवारी
उद्या टेस्ट. सकाळी आठपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. दर तासाला वजन आणि लघवीची तपासणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सहन झालं नाही तर लगेच सांगा, ही काही स्पर्धा नाही. असं सगळेच परीक्षक म्हणतात. मी हिला शब्द दिलाय: या परीक्षेत मी पास होणार म्हणजे होणार.

२१ फेब्रुवारी, हॉस्पिटल
८.०० वजन ७१.४. नर्सबाई कडक. खोलीतली बाटली उचलून नेली.
९.०० ७०.९. काहीच त्रास नाही. उगाच बाऊ करतात.
१०.०० ७०.५. जीभ टाळूला चिकटतेय. खिडकीतून माळी दिसतो. कुंडीला पाणी घालतोय. कुंडीने असं काय मोठं काम केलंय?
१०.२० बाथरूम. तोंड धुतलं. तोंड धुताना थोडंफार पाणी तोंडात जातंच. याला पिणं म्हणत नाहीत.
११.०० ७०.९. एकदम फ्रेश.
११.१५ तोंड धुतलं. ११.३० तोंड धुतलं. ११.५० दात घासले.
१२.०० ७१.८. नर्सबाईंनी काटा हलवून पाहिला.
१.०० ७२.६. नर्सबाई म्हणाल्या, काका, तुमचा चेहरा फार स्वच्छ दिसतोय. मग डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेल्या. पास झालो बहुतेक.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाच तास पाणी न पिता सव्वा किलो वजन वाढलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. मी वजनकाट्याच्या तपासणीचा दाखला मागितला. त्या चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, मी हा रिपोर्ट खरा धरला असता तर लिहिलं असतं, आजार नाही, नुसती सवय आहे. मग तुम्हाला गोळी मिळाली नसती, आणि हे असंच चालू राहिलं असतं.

 घरी आल्यावर ही चप्पलही न काढता बोलली. म्हणाली, तुम्ही रात्री सहा वेळा उठता तेव्हा मीही सहा वेळा जागी असते. अंधारात पडाल म्हणून. परवा दूध गॅसवर ठेवून तुम्ही ओट्याला टेकून झोपलात. मेंदूत गाठ असली तरी असंच होतं, हे मी वाचलंय, तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला सगळ्यात पहिला नंबर हवा असतो, मला तुम्ही हवे आहात. आणि रडली. बावीस वर्षांत मी हिला दोनदाच रडताना पाहिलंय.

मला फार वाईट वाटलं. पाणी प्यायलो.

२८ फेब्रुवारी, हॉस्पिटल
८.०० ७१.२. ही रजा टाकून आलीय. बाथरूमच्या आतला कॉक नर्सबाईंनी बंद केला. बाहेर खुर्ची टाकून ही बसलीय, विणकाम घेऊन. तुरुंगातही एवढा बंदोबस्त नसेल.
१०.०० ७०.३.
११.०० ६९.८. तोंडचं पाणी पळालं. हे मी विनोद म्हणून लिहीत नाहीये.
१२.०० ६९.३. अक्षर वाकडं येतंय. हिला म्हटलं, मला भीती वाटतेय. हिने विणकाम बाजूला ठेवलं, आत येऊन माझा हात धरला. घोषवाक्यं आठवली सगळी. कुठल्या गाढवाने लिहिली?
१२.४० ६९.०. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बस, पुरे. रक्त घेतलं. त्याच हार्मोनचं इंजेक्शन दिलं.
२.३० तहान कमी झाली.
३.१५ तहान नाही. इतकी वर्षं कानात कोणी तरी पाणी पाणी करत होतं, ते गप्प झालं. हिच्या खांद्यावर डोकं टेकलं. डोळ्यांत काही तरी गेलं होतं.

३ मार्च
आजार पक्का. डोक्याचा स्कॅनही झाला. गाठ नाही. डॉक्टरीणबाईंनी ते दोन शब्द उच्चारले आणि ही खुर्चीत एकदम सैल पडली. दिवसाला दोन गोळ्या. तहान लागली तरच पाणी, सवयीने प्यायचं नाही, नाही तर रक्तातलं मीठ उतरतं. बस, एवढंच.

६ मार्च
सलग सात तास झोपलो! खुर्ची चार वेळा सोडली. घड्याळने तारखेसकट नोंद घेतली. परीक्षेला चोवीस दिवस. तीनशे चाळीस भागिले चोवीस म्हणजे रोज जेमतेम पंधरा पानं. हातचा मळ.

७ मार्च, पहाटे ५.००
जाग आली. ताजातवाना. पुस्तक उघडलं.
५.१० पान एक.
५.२५ पान एक. हे पुस्तक अत्यंत कंटाळवाणं आहे. आधी कसं लक्षात आलं नाही? आधी दर दहा मिनिटांनी उठायला लागायचं.
६.०० कपाट आवरलं. ऑफिसच्या फायलींना रंगानुसार लेबलं लावली. अंगात प्रचंड एनर्जी आहे.

१३ मार्च
शंका आली की गोळीमुळे एकाग्रता कमी होत असावी. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, नाही. मग विचारलं, पुस्तक उघडलं की डोळे मिटतात, याचं काही दुर्मिळ हार्मोन असतं का? त्या म्हणाल्या, ते फार कॉमन आहे.

मला कॉमन म्हणाल्या. दिवसभर कशात मन लागलं नाही.

१९ मार्च
नामी युक्ती! परीक्षेत आजारी उमेदवारांना एक तास जादा मिळतो. डॉक्टरांचं पत्र लागतं. डॉक्टरीणबाईंनी लगेच दिलं, बंद पाकिटात. आजाराचं नाव एवढं मोठं आहे की साहेबांची छातीच दडपेल. पाकीट न फोडता टेबलावर ठेवलं, सरकारी काम सरकारी पद्धतीने व्हावं म्हणून.

साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर मोठ्याने वाचलं: रुग्ण औषधाने पूर्ण बरा असून तीन तास एका जागी बसण्यास शारीरिक व मानसिक दृष्ट्या संपूर्ण सक्षम आहे, कोणत्याही सवलतीची गरज नाही.

साहेबांनी अभिनंदन केलं. टाळ्या वाजल्या.

२८ मार्च
दोन दिवसांत तीनशे एकतीस पानं. अशक्य नाही. पण शेवटच्या क्षणी वाचून डोक्यात गोंधळ करून घेऊ नये, असं मोठमोठे लोक सांगतात. लवकर झोपलो. छान झोप लागली. हल्ली रोजच लागते.

३० मार्च
परीक्षा झाली. तीन तास. एकदाही उठलो नाही. बाटली बाकावर होती, झाकणही काढलं नाही. डोकं स्वच्छ, हात स्थिर. पहिल्या पानावर नाव आणि नंबर सुंदर अक्षरात लिहिला. मग प्रश्न वाचले. एकूण एक समजले. उत्तर एकाचंही धड येत नव्हतं.

पुढच्या बाकावर घड्याळ. शुगरमुळे चार वेळा बाहेर गेला, चारही वेळा धावत परत आला आणि पुरवण्या मागत राहिला.

मागच्या दोन्ही परीक्षांत मी पेंगत होतो, घसा कोरडा पडला होता, निम्मा वेळ बाथरूममध्ये होतो. आज पहिल्यांदाच पूर्ण तीन तास शुद्धीत बसलो. फार लांब असतात तीन तास.

१६ एप्रिल, संध्याकाळी ७.३०
निकाल लागला. घड्याळ पहिला. मला शंभरात एकोणीस. सोमवारपासून घड्याळ माझा हेडक्लार्क. पेढे वाटण्याआधी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, तुझी तब्येत बिघडली नसती तर तूच पहिला आला असतास. चांगला माणूस आहे. मी मान डोलावली, पण दिवसभर ते वाक्य खटकत राहिलं.

घरी आलो. हिने विचारलं, काय झालं हो?

सांगायला तोंड उघडलं. तहान आठवून पाहिली, नव्हती. झोप झालेली होती. अंग ठणठणीत होतं. काटा, ग्रंथी, गोळी, साहेब, सगळे मनात एकेक करून तपासले. शेवटी म्हणालो, अभ्यास केला नव्हता.

 ही घाबरून जवळ आली आणि कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.