ट्रॅक्टरखाली तुझा बार आहे

दादा,

शेडात गेलास तर दचकू नकोस. क्लच प्लेट बदलायची म्हणून मी ट्रॅक्टर मधोमध खोलून त्याचे दोन भाग केलेत. इंजिनाचा भाग लाकडी ठोकळ्यांवर आहे आणि मागचा भाग मी घरीच केलेल्या स्टँडवर. कशालाही हात लावू नकोस, आबांनाही जवळ जाऊ देऊ नकोस.

आता स्टँडचं सांगतो. गोठ्यामागचा तुझा पुलअपचा बार मी कापला. सैन्यभरतीतनं दुसऱ्यांदा नापास होऊन परत आलास, तवापासून तू त्याला शिवला नाहीस असं मला वाटत होतं. वेल्डिंगआधी गंज घासायला बसलो, तर आडव्या पाइपवर दोन हातांच्या जागी गंजच नव्हता. ती जागा घासलेल्या तांब्यासारखी चकाकत होती. तोवर बारचे चार तुकडे झाले होते. आणि आम्ही समजत होतो, तू पहाटे उसाला पाणी द्यायला उठतोस.

सध्या तुझ्या बारवर ट्रॅक्टर बसलाय. त्याला एकही पुलअप निघत नाही, पण वजनात तो पास आहे.

काल जेवताना सगळ्यांसमोर मी म्हणालो, "दादाच्या बारवर आता फक्त टॉवेल भरती होतात." तू हसलास आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठलास. लय चुकलं माझं.

फलटणला प्लेट आणायला चाललोय. तेवढ्याच जाडीचा पाइपही आणतो आणि संध्याकाळपर्यंत बार उभा करतो. उद्या पहाटे मलाही उठव. मोजायला कुणीतरी लागतंच.

शंभू