बाबांच्या अटी

४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं सुखरूप पोहोचलो. सामान अजून पोहोचलेलं नाही. सामानाशिवाय घर मोठं दिसतं, त्यामुळे ते जरा उशिराच यावं असं बायकोचं मत आहे.

मी पत्र लिहितोय याचं तुला नवल वाटेल. फोन मिळालेला नाही. अर्ज आल्या आल्याच केला होता. इथली पद्धत अशी, की जोडणी करणारा माणूस निघण्याआधी ग्राहकाला फोन करून घरी आहात का विचारतो. हा फोन तो आम्हाला मिळणार असलेल्या नंबरावरच करतो. तो अर्थातच कुणी उचलत नाही. मग ‘ग्राहक घरी नाही’ असा शेरा पडतो. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दाराकडे तोंड करून बसलेला असतो आणि कार्यालयाच्या लेखी मी सतत बाहेर भटकत असतो.

मोबाइलचं कार्ड घ्यावं तर वीजबिल माझ्या नावाचं हवं. मीटर अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे आणि नाव बदलायला त्यांची सही लागते. ते वारले, असं मी खिडकीवरच्या कारकुनाला सांगितलं. तो मनापासून हळहळला आणि सही तेवढी आणा म्हणाला. बाबांनी अख्खी नोकरी वीज कार्यालयात खिडकीच्या पलीकडे बसून काढली. अलीकडे उभं राहिल्यावर काय वाटतं, ते त्यांना सांगायचं आहे.

आता मुद्द्याचं. आम्ही परत आलो ते बाबांसाठी, हे तुला ठाऊक आहेच. आई गेल्यापासून तू एकटीने त्यांचं सगळं केलंस. मी तिकडून फक्त तब्येतीची चौकशी करत राहिलो. आता माझी पाळी. उजेडाची खोली त्यांच्यासाठी ठेवली आहे. त्यांना न्यायला कधी येऊ, ते कळव.

भाऊजींना नमस्कार. लोभ चालू ठेवावा. सध्या आमच्याकडे तेवढी एकच गोष्ट चालू आहे.

तुझा,
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. इतकी वर्षं परदेशात काढूनही तुझं अक्षर सुधारलेलं नाही, हे पाहून बरं वाटलं. ह्यांना ते वाचता आलं नाही. मी वाचून दाखवलं आणि तुझ्या दोन वाक्यांना थोडं वळण लावलं.

बाबांना खोलीबद्दल सांगितलं. बाबा म्हणतात, घाई कसली? आधी तुमचं बस्तान बसू दे. शिवाय त्यांना मोबाइल जमत नाही, बटणं दिसत नाहीत. घरात वायरीचा फोन असेल तरच येईन म्हणतात. तो ठेवल्या जागेवरून हलत नाही. रोज संध्याकाळी त्यांना त्यांच्या जुन्या हेडक्लार्कशी बोलावं लागतं. दोघांनाही नीट ऐकू येत नाही, त्यामुळे भांडण होत नाही.

मला काय, माझ्या डोक्यावरचा भार तेवढाच हलका होईल. सगळे तेच म्हणताहेत. शेजारीण तर मी सुटले म्हणून माझं अभिनंदन करून गेली. पण बाबांचं म्हणणं तुझ्या कानावर घातलेलं बरं.

तुझ्या बायकोला सांग, पडदे आल्यावर लगेच लावू नको, आधी धुऊन घे. दोघांना आशीर्वाद, आणि अक्षराकडे लक्ष असू द्यावं.

तुझी,
ताई

२ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वायरीचा फोन आला.

आधी विजेचं सांगतो. जुन्या मालकांच्या पत्नीने सही केली. ती चालते, हे आधी का सांगितलं नाही असं मी कारकुनाला विचारलं. तुम्ही विचारलं कुठे, असं तो म्हणाला. फोनवाल्याला मी आमच्या इमारतीखालीच, खांबाला टेकून शेरा लिहिताना पकडलं. मीच तो ग्राहक, हे त्याला पटायला वेळ लागला. वायरीचा फोन हवा म्हटल्यावर त्याने घरात कुणी आजारी आहे का, अशी चौकशी केली.

भिंतीला भोक पाडताना गिरमिट शेजाऱ्यांच्या कपाटात निघालं. कपाटात त्यांचे लोकरीचे कपडे होते. आमची ओळख तशी राहूनच गेली होती, ती झाली.

नंबर सोबत लिहिला आहे. तो पूर्वी एका शिंप्याचा होता. दिवसभर लोक आपापल्या कपड्यांची चौकशी करतात. इथे शिंपी नाही म्हटलं की चिडतात. एका बाईंनी तर पळवाटा काढता का म्हणून झाडलं. शेवटी बायको सगळ्यांना गुरुवारी मिळेल असं सांगू लागली. आता लोक समाधानाने फोन ठेवतात.

तेव्हा अडचण मिटली. बाबांना न्यायला कधी येऊ? फोन कर. तुझा आवाज ऐकून फार दिवस झाले.

लोभ आहे, तो शेजाऱ्यांपेक्षा जास्त असावा.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोन केला होता. एका बाईने, माझ्या कोटाच्या बाह्या लहान केल्यात, गुरुवारी घेऊन जा, असं सांगून तो ठेवला. आवाज तुझ्या बायकोचा वाटला. पुन्हा केला नाही. फोनवर तू समोरच्याकडून चटकन हो म्हणवून घेतोस, तेव्हा पत्रच बरं.

बाबा म्हणतात, फोन आला ते उत्तम. आता अंघोळीच्या पाण्याचं काय? विजेवर तापवलेल्या पाण्याची त्यांना धास्ती वाटते. शॉक बसेल म्हणतात. गॅसचा गिझर असेल तर विचार करू. आणि नळ खाली हवा, बसून हात पोहोचेल असा. आमच्याकडे तसा आहे.

बाकी ठीक. मी शाळेच्या ग्रंथालयातून येईपर्यंत बाबा चहा घेत नाहीत. कितीदा सांगितलं, तुम्ही घेत जा, मला उशीर होतो. ऐकत नाहीत. मी दारात पाऊल टाकलं की आधी घड्याळाकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि उशीर का झाला विचारतात. वैताग येतो अगदी. तुझ्याकडे आले की तुला कळेल.

पडदे धुतले का? दोघांना आशीर्वाद. कपडे वेळेवर देत जा.

तुझी,
ताई

३० मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गॅसचा गिझर बसला. धूर बाहेर जायला नळी हवी, नळीला खिडकी हवी, आणि नळी गेल्यामुळे खिडकी आता बंद होत नाही. गिझर पेटताना एवढा आवाज करतो, की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दोनदा वर येऊन बघून गेले. पाणी मात्र कडक तापतं. नळ खाली घेतला आहे. माझा गुडघा रोज त्यावर आपटतो. बाबांना सोयीचं होईल, म्हणून मी काही म्हणत नाही.

ताई, माझ्या समजुतीप्रमाणे आता काहीही उरलेलं नाही. मी येत्या बारा तारखेला येतो आणि बाबांना घेऊन जातो. त्यांची बॅग भरून ठेव. बायकोने खोलीत त्यांच्यासाठी आरामखुर्ची आणली आहे. त्या खुर्चीत मी बसायचं नाही असा नियमही केला आहे.

लोभ असावा, आणि या खेपेला अट नसावी.

तुझा,
धाकटा

४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बारा तारखेला नको. ह्यांना सर्दी आहे. शिवाय बाबा म्हणतात, तुमच्याकडे वीज सारखी जाते असं त्यांच्या कानावर आलंय. बॅटरीची सोय हवी. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे का, तेही कळव. एकाच बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूला बसवून घे, नाहीतर राहू दे. घाई नाही.

दूध उतू गेलंय, थांबते.

ताई

६ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

विषय : मला नेण्याबाबत.
संदर्भ : तुझी व ताईची पत्रे.

वरील विषयाची सर्व पत्रे मी ताई शाळेत गेल्यावर वाचली. तुझी पत्रे व स्वतःच्या उत्तरांचे कच्चे खर्डे ती ज्या डब्यात ठेवते, तो डबा मला ठाऊक आहे. तू फोन, गिझर व नळ यांची पूर्तता केलीस, हे स्तुत्य आहे. यांपैकी काहीही मी मागितलेले नाही.

मोबाइल मला उत्तम येतो. मी त्यावर अनोळखी लोकांशी बुद्धिबळ खेळतो व बहुधा जिंकतो. शॉकबद्दल लिहायचे तर, ज्याने उभा जन्म वीज कार्यालयात घालवला त्याला पाणी तापवायच्या यंत्राची धास्ती वाटते, हे तू मान्य कसे केलेस? ताईने लिहिले याचे मला वाईट वाटले नाही. तू विश्वास ठेवलास याचे वाटले.

आपल्या घराची रीत तू विसरलास. तुझ्या आईने मला भूक लागली असे कधी म्हटले नाही. मुले भुकेली आहेत म्हणायची. लग्नाकार्यातून लवकर निघायचे असले, की माझी पाठ दुखायची. मला ते तिथल्या तिथे कळायचे व मी पाठीला हात लावायचो. ताईने तेच उचलले आहे. तिकडे लोक हवे ते सरळ मागतात असे ऐकतो. त्याने सवय मोडली असेल.

बारा तारखेला येतो असे तुझे पत्र आले त्या दिवशी तिने दूध दोनदा उतू घालवले. मला विचारशील, म्हणजे अद्याप कोणी विचारलेले नाही, तर मी दोन्हीकडे राहू शकतो. ती राहू शकेल असे वाटत नाही. आणि तू इतक्या लांबून माझ्यासाठी आलास, ते पाहता तुला नाही म्हणणेही मला जमत नाही. यावर काय करावे, हे माझ्या अखत्यारीबाहेर आहे.

हे पत्र समोरच्या दुकानदारातर्फे टाकत आहे. ताईला कळवू नये. सूनबाईंना आशीर्वाद.

बाबा

१२ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज यायचा होतो, आलो नाही. कठडा एकाच बाजूला आहे. दुसरा बसवायला सुतार तयार आहे, पण त्याला मी थांब म्हटलं.

तुझं मागचं पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. तिने ते माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचलं आणि, तू इंजिनिअर कसा झालास, असं विचारलं. उत्तरासाठी थांबली नाही.

ताई, बाबा काय म्हणतात ते मला पुरेसं कळलं. तू काय म्हणतेस? जे असेल ते लिही. मी रागावणार नाही. रागावलो तरी मी धाकटा आहे, त्याला फारशी किंमत देऊ नकोस.

लोभ कसाही असला तरी चालेल, पण खरं उत्तर यावं.

तुझा,
धाकटा

१७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पाच कागद फाडले, हा सहावा.

मी म्हणते, बाबांना नेऊ नकोस.

मला हे लिहायची लाज वाटते. तू सगळं सोडून त्यांच्यासाठी आलास. नळ खाली घेतलास, गुडघे फोडून घेतलेस, आणि मी इथे बसून एकेक अट रचत होते. तू एक पुरी केलीस की मला रडू यायचं आणि मी दुसरी शोधायची. त्यांच्यावर जितका माझा हक्क तितकाच तुझा. म्हणूनच सरळ नाही म्हणता येईना.

सगळे म्हणतात, तू सुटलीस. मी हसते. सुटून करू काय? हे स्वभावाने फार चांगले आहेत, पण मी बाहेरून आलेय की बाहेर निघालेय, हे ह्यांना वर्तमानपत्र संपल्याशिवाय समजत नाही. दिवसभर मी मुलांना पुस्तकं देते आणि परत घेते. मग घरी येते. घरी एक माणूस चहा न घेता बसलेला असतो. तो उद्यापासून नसेल, असं मनात आलं की मला जिना चढवत नाही.

आता तू ठरव. नेलंस तरी मी काही म्हणणार नाही. बॅग भरून देईन.

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, मनापासून आहेत.

ताई

२६ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना नेणार नाही. बॅग माळ्यावरच असू दे.

गेल्या बुधवारी मी तुमच्या गावी येऊन गेलो. तुला सांगितलं नाही, कारण तू जेवायला थांबवलं असतंस आणि मला एक जागा बघायची होती. तुमच्या शाळेच्या मागच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर तीन खोल्या आहेत. आम्ही त्या घेतल्या. माझं काम टेबलावरचं, आणि टेबल कुठेही ठेवता येतं. बायकोला विचारायला गेलो, तर ती आधीच पडदे काढत होती. इथलं घर एका तरुण जोडप्याला भाड्याने दिलं आहे. गिझर पेटवून दाखवल्यावर ते जरा मागे सरकले, पण घेतलं.

नव्या जागेत वीज नाही, गॅस नाही, फोन नाही. पाणी आहे, पण कुठून येतं ते घरमालकाला सांगता आलं नाही. अर्ज सगळे केले आहेत. कधी मिळेल असं विचारल्यावर तिथल्या खिडकीवरच्या बाई हसल्या. चांगल्या मनाच्या वाटल्या.

ताई, बाबांसाठी परत आलो असं मी सगळ्यांना सांगत राहिलो. ते ऐकायला बरं वाटतं आणि कुणी पुढे काही विचारत नाही. तिकडे मी कामावरून कधीही घरी पोहोचलो, तरी बायकोशिवाय कुणाचं काही अडत नव्हतं, आणि तीही माझ्याइतकीच थकलेली असायची. आम्ही दोघं एकटे पडलो होतो गं. मला बाबांना सांभाळायचं नव्हतं. मला तुमच्यात राहायचं होतं. ते मागायचं कसं, हे मला सुचलं नाही.

रविवारी सामान घेऊन येतो. वीज येईपर्यंत तुमच्याकडे राहू. उशीर झाला तर चहासाठी थांबा.

तुझा,
धाकटा